पोच : कारखान्यांत एचआरची नोकरी करणाऱ्यांचा जाहीरनामा

चाकणच्या कुठल्याही कारखान्यात जा आणि चहाच्या सुट्टीत तीन माणसांशी बोला. वीस वर्षं जुना ऑपरेटर सांगेल, "आपल्या कंपनीत पूर्वी असं नव्हतं, साहेब." चार वर्षांपूर्वी पर्मनंट झालेला म्हणेल, "आमच्या कंपनीत हे असंच चालतं." आणि ठेकेदाराकडून आलेला लातूरकडचा पोरगा, ज्याला सात महिन्यांवर कुठे टिकूच दिलेलं नाही, तो विचारेल, "तुमच्या कंपनीत ग्लोव्ह्ज कधी मिळतात, सर?" आपली, आमची, तुमची. एम्प्लॉयी एंगेजमेंट मोजायला कंपन्या दरवर्षी सल्लागारांना पैसे देतात. मराठीत ती या तीन शब्दांत कळते, तीही फुकट.

हे 'तुमच्या कंपनीत' ऐकून ऐकून आम्ही लिहायला बसलो आहोत. आम्ही म्हणजे भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात एचआरमध्ये नोकरी करणारी माणसं. जुने कामगार अजूनही आमच्या खात्याला 'पर्सोनेल' म्हणतात. आमच्यात कुणी एमएसडब्ल्यू केलेलं आहे, कुणी एमपीएम, कुणी एमबीए, आणि दोघंतिघं हजेरी कारकून म्हणून लागून वर आलेले. आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे, की कामगाराचं मन कामावरून उडतं ते बहुतेक वेळा न मिळालेल्या उत्तरांमुळे. ती उत्तरं देणं हे आमचं काम होतं. ते सोडून आम्ही रांगोळी स्पर्धा घेत बसलो.

रांगोळीची गोष्ट खरी आहे. आमच्यातल्या एकाने एका कंपनीत खंडेनवमीच्या मशीनपूजेला ती ठेवली होती. विषय 'आमची कंपनी, आमचं कुटुंब'. त्याच आठवड्यात ठेकेदाराकडच्या मुलांचा पगार अकरा दिवस रखडला होता. फोटो मुख्यालयाला गेले, तिकडून शाबासकीचा मेल आला. संध्याकाळी गेटवर एका मुलाने अगदी साळसूदपणे विचारलं, "सर, कुटुंबात पगार किती तारखेला होतो?"

दुसऱ्या एका कारखान्यातली सूचनापेटी आम्ही चार वर्षांनी उघडली. किल्ली सापडेना म्हणून कुलूप तोडावं लागलं. आत गुटख्याच्या पुड्या, एक लग्नपत्रिका आणि अकरा चिठ्ठ्या निघाल्या. एकाने आपल्या मशीनवर पंखा मागितला होता. पंखा तोवर लागला नव्हता, माणूस मात्र निवृत्त झाला होता.

आमच्या धंद्याचा जन्म कशातून झाला हे आम्हीच विसरलो आहोत. मुंबईच्या गिरण्यांत मालक आणि कामगार यांच्या मधोमध जॉबर उभा असे. नोकरी तो देणार, त्यासाठी दस्तुरी तो घेणार, रजा त्याच्या मर्जीवर, अडीअडचणीला उसने पैसेही त्याच्याकडूनच. कामगाराचं गाऱ्हाणं वर पोचायचं तर याच माणसाच्या हातून, आणि बरेचदा गाऱ्हाणं याच माणसाबद्दल असायचं. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या कामगारविषयक रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात सुचवलं, की भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्या आणि कारखान्यात लेबर ऑफिसर नेमा. पुढे 1948 च्या कारखाने अधिनियमाने 500 किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. म्हणजे मधला माणूस हटवून थेट ऐकायला आम्हाला बसवलं गेलं.

त्याच्याही आधी नारायण मेघाजी लोखंडे होऊन गेले. ते गिरणीत स्टोअरकीपर होते. आजच्या भाषेत स्टाफमधले. त्यांनी 1884 मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. रविवारची सुट्टी त्यांच्यामुळे मिळाली, 10 जून 1890 ला, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण 1884 च्या मागण्या पुन्हा एकदा वाचाव्यात. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती हवी. कामावर जखमी झालेल्याला भरपाई हवी. आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत हातात पडावा. आमच्यातल्या ज्याने ठेकेदाराला पगारासाठी 16 तारखेला फोन केला आहे, त्याला ही शेवटची मागणी वाचताना शरम वाटेल. आम्हाला वाटली. जॉबर गेला असं आम्ही समजत होतो. तो ठेकेदाराचा सुपरवायझर होऊन परत आला आहे, आणि त्याच्या कामगारांच्या हजेरीपत्रकावर महिन्याला सही आम्हीच करतो.

नागपूरची एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली तेव्हा जमशेटजी टाटांपुढे मोठी अडचण होती गैरहजेरीची. दंड लावण्याचा रस्ता सोपा होता आणि त्या काळी सगळे तोच धरत. त्यांनी 1886 मध्ये पेन्शन फंड सुरू केला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई. दोन्ही गोष्टी कायद्याने सक्तीच्या व्हायला पुढे कितीतरी दशकं जायची होती. टाटांचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाही. माणूस कामावर का येत नाही, याचं उत्तर त्यांनी त्याच्या म्हातारपणात आणि त्याच्या तुटू शकणाऱ्या हातात शोधलं, एवढ्यासाठी सांगतो आहोत. आम्ही ते हल्ली प्रेरणादायी व्याख्यानात शोधतो.

एंगेजमेंट हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो विल्यम कान यांच्या 1990 च्या निबंधातून. उन्हाळी शिबिरातले कार्यकर्ते आणि एका वास्तुरचनाकार कंपनीतली माणसं यांचा अभ्यास करून त्यांनी तीन अटी मांडल्या. आमच्या बोलीत त्या अशा: या कामाला काही अर्थ आहे का? इथे मोकळं बोललो तर अंगाशी येईल का? आणि आज माझ्यात तेवढा जीव उरलाय का? पहिल्या अटीवर कंपन्या पोस्टर छापतात. दुसरीवर धोरण छापतात. तिसरीबद्दल आमच्या खात्यात कुणी चकार शब्द काढत नाही, कारण तिचं उत्तर कंपनीच्या भिंतीबाहेर असतं. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीच्या खोल्यांमध्ये कॉट बेसिसवर पोरं राहतात. एक फर्स्ट शिफ्टला गेला की त्याच कॉटवर थर्डवरून आलेला झोपतो. पत्र्याची खोली, दुपारचं ऊन, शेजारी कुणाचा तरी मोबाइल चालू. तिथून उठून आलेला मुलगा टाऊनहॉल मीटिंगमध्ये जांभई देतो तेव्हा आमचा साहेब आम्हाला म्हणतो, यांच्यात पॅशनच नाही!

या तिसऱ्या अटीसाठी आम्ही दोन गोष्टी लगेच करणार आहोत. लागोपाठ डबल शिफ्ट लावण्याच्या कागदावर आमच्या सहीची जागा असते; ती सही आम्ही यापुढे डोळे मिटून करणार नाही. दुसरी गोष्ट जत्रेची. चैत्र-वैशाखात लाइन रिकामी पडते, उत्पादनवाले बोंब मारतात आणि आम्ही मेमो काढतो. दरवर्षी हेच. पण ज्याच्या गावची जत्रा आहे त्याला तिथी ठाऊक असते, भावाच्या लग्नाची तारीखही दोन महिने आधी ठरलेली असते. विचारत कुणी नाही. जानेवारीत प्रत्येकाच्या गावच्या जत्रेची तारीख लिहून घ्यायची, खात्यातली माणसं आपसांत पाळी लावून घेतील. आमच्यातल्या एकीने हे एका लहानशा कारखान्यात केलं. रजा नाकारायची वेळ तिच्यावर फारच कमी वेळा आली, आणि आलीच तेव्हा कामगारांनी आपसांतच तोडगा काढला. खर्च एका भिंतीवरच्या कॅलेंडरचा.

आता सर्व्हेबद्दल. गॅलपच्या एंगेजमेंट सर्व्हेतले ते बारा प्रश्न वाईट नाहीत. 'माझ्याकडून काय अपेक्षा आहे ते मला माहीत आहे का' आणि 'काम नीट करायला लागणारं साहित्य माझ्याकडे आहे का' हे तर शंभर नंबरी प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाला कामगाराने 'नाही' लिहिलं तर पुढे काय व्हायला हवं? त्याला हवा तो पाना मिळायला हवा. प्रत्यक्षात त्याचं 'नाही' शेकडो उत्तरांत मिसळून एका रंगीत तक्त्यात जातं, तक्ता मुख्यालयात जातो, तिथून तीन महिन्यांनी 'कृती आराखडा' येतो आणि त्यात क्रिकेटचे सामने असतात. पाना येत नाही. शिवाय सर्व्हे गुप्त असल्याचं आम्ही सांगतो आणि त्यात खातं, शिफ्ट, वय, नोकरीची वर्षं सगळं विचारतो. सेकंड शिफ्टला पेंट शॉपमध्ये पन्नाशीपुढचे दोनच जण असतात. कामगार काय मूर्ख आहे?

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1928 पासून पुढची काही वर्षं वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला मुलाखत घेणारे ठरलेले प्रश्न घेऊन जात. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की प्रश्न बाजूला ठेवले की माणूस खरं बोलतो. आमच्या अभ्यासक्रमात हे सगळ्यांनी वाचलेलं आहे. मात्र त्यातून व्यवस्थापनांनी सोयीचा धडा घेतला: ऐकून घेतलं की माणसं निवळतात, पुढे काही केलं नाही तरी चालतं. हे औषध आम्हीही वर्षानुवर्षं पाजलं. नुसतं ऐकून घेणाऱ्याकडे माणूस एकदा येतो, दोनदा येतो. तिसऱ्यांदा तो नोकरी डॉट कॉमवर जातो किंवा शेजारच्या कंपनीच्या गेटवर.

आमच्या खात्यात सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द 'बघतो' हा आहे. या एका शब्दाची गोष्ट आमच्यातल्या एकाच्या मनावर कायमची बसली आहे. एका प्रेस शॉपमध्ये दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक अडकायचं. एका हाताने प्रेस मारता यायची. ऑपरेटरने सुपरवायझरला सांगितलं, सुपरवायझरने मेंटेनन्सला, आणि कँटीनच्या रांगेत उभं असताना ऑपरेटरने एचआरच्या साहेबालाही सांगितलं. साहेब म्हणाला, बघतो. नवव्या दिवशी दुसऱ्याच एका मुलाची दोन बोटं गेली. चौकशीत कुणी काही सांगितल्याची कुठेही नोंद नव्हती. सांगणारा चौकशीत गप्प बसला. नंतर एकट्यात म्हणाला, "सांगून काय होतं ते बघितलंत ना?" त्या वर्षीच्या सर्व्हेत ते खातं हिरव्या रंगात आलं.

म्हणून आमच्या जाहीरनाम्याची मागणी एका शब्दाची आहे. पोच.

मराठीत हा शब्द मोठा गमतीचा आहे. कागद मिळाल्याची पावती म्हणजे पोच. आणि ज्याला कुठे काय बोलावं हे कळत नाही त्याच्याबद्दल आपण म्हणतो, त्याला काही पोच नाही. आमच्या खात्याकडे दोन्ही नाहीत.

प्रत्येक खात्यात एक वही असेल, कार्बनची, पानांना छापील क्रमांक असलेली. कामगार तोंडी सांगेल, आम्ही त्याच्याच शब्दांत लिहू. अर्ज करा, योग्य मार्गाने पाठवा, हे बंद. मूळ पान वहीत, प्रत त्याच्या हातात. त्यावर तारीख, लिहून घेणाऱ्याचं नाव आणि उत्तर कुठल्या दिवशी मिळेल तो दिवस. सुरक्षेची बाब असेल तर त्याच शिफ्टमध्ये, बाकीच्यांसाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस. यासाठी ॲप का नाही, असं आम्हाला हमखास विचारलं जाईल. ॲप आहेत. चांगली आहेत. कामगाराचा मोबाइल गेटवर जमा होतो, एवढीच अडचण आहे.

उत्तर 'नाही' असलं तरी ते उत्तर आहे. एका ठिकाणी कामगारांनी एसी बस मागितली. मिळाली नाही. पण आमच्या माणसाने बसच्या कंत्राटाचा आकडा सूचना फलकावर लावला, एसीला किती जास्त पडतील ते लिहिलं, आणि त्याऐवजी दोन थांबे वाढवून मिळतील असं कळवलं. लोक दोन दिवस कुरकुरले आणि थांबे कुठे हवेत यावर भांडायला लागले. ते भांडण ऐकायला फार बरं वाटलं. आपल्या घरातलं भांडण होतं ते.

या वहीतून आम्ही कायद्यापलीकडचं फारसं काही मागत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांप्रमाणे 20 किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात मालक आणि कामगार निम्मे-निम्मे, तक्रारीचा निकाल 30 दिवसांत. नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत. आमच्या पट्ट्यात फुल अँड फायनलसाठी पोरांनी किती खेटे घातले आहेत ते सिक्युरिटीवाल्यांना विचारा. जाणाऱ्याला आपण कसं घालवतो हे राहणारे बघत असतात. 'एक्झिट इंटरव्ह्यू' हा तर आम्हाला आता विनोदच वाटतो. माणूस दाराबाहेर पाय टाकतो तेव्हा आपण विचारतो, काय खटकलं? हे त्याच्या पहिल्या महिन्यात, मग तिसऱ्या, मग सहाव्या महिन्यात विचारलं पाहिजे.

सुपरवायझरबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल. एकाच छपराखालच्या दोन लाइनींत, त्याच पगारात, त्याच कँटीनमध्ये जेवून, एका लाइनीतली पोरं हसतखेळत काम करतात आणि दुसरीतली घड्याळाकडे बघत, असं का होतं हे शोधायला संशोधन लागत नाही. गॅलपवाल्यांनी ते केलेलं आहे आणि तेही तिथेच, वरच्या साहेबापाशीच, येऊन पोचले. आपल्याकडे सुपरवायझर कसा बनतो? सगळ्यांत चांगला ऑपरेटर एका सोमवारी निळा शर्ट काढून पांढरा घालतो. मशीन कसं हाताळायचं हे त्याला बारा वर्षांत शिकवलेलं असतं, माणूस कसा हाताळायचा हे बारा मिनिटंही नाही. वरून आकड्याचा दट्ट्या, खालून कालपर्यंतचे मित्र. तो शिव्या घालायला लागतो, कारण त्याला घातल्या गेल्या होत्या. आम्ही त्याला दोष देणार नाही. पांढरा शर्ट देण्याआधी त्याला तीन आठवडे लाइनपासून मोकळं करा आणि आमच्या ताब्यात द्या. चार लोकांदेखत झापायचं नाही, बाजूला घेऊन बोलायचं. रजा नाकारताना कारण सांगायचं. काम चांगलं झालं तर त्याच दिवशी, नाव घेऊन सांगायचं. आणि आपली चूक झाली तर तसं म्हणायचं. शेवटचं सर्वांत अवघड जातं. आम्हालाही जातं.

ठेकेदाराचा कामगार या वहीत असेल. सर्व्हेतून त्याला वगळायचं, दिवाळीला त्याला लहान डबा द्यायचा, कँटीनमध्ये त्याचं कूपन वेगळ्या रंगाचं, आणि मग 'आमची एंगेजमेंट एवढे टक्के' म्हणून मिरवायचं, यात आम्ही सहभागी होणार नाही. ज्या महिन्यात कुणाही कामगाराचा पगार थकलेला असेल त्या महिन्यात आमच्या हातून एकही कार्यक्रम होणार नाही. केक नाही, रांगोळी नाही, महिला दिनाचं गुलाबाचं फूल नाही. फुलाऐवजी बायकांच्या स्वच्छतागृहाची कडी बसवून द्या, ती तीन महिने तुटलेली आहे.

युनियनवाल्यांना आमच्यावर संशय येईल, आणि तो यावाच. व्यवस्थापनांनी एंगेजमेंट ही युनियनवरची लस म्हणून टोचलेली आहे, आम्हीच सुई धरली होती. पगारवाढ, करार, कंत्राटी कामगारांना कायम करणं, हे सामूहिक ताकदीनेच सुटणारे प्रश्न आहेत. पोच ही त्याची जागा घेऊ शकत नाही आणि घेणारही नाही. वहीची पानं युनियनच्या प्रतिनिधीने केव्हाही पाहावीत. मात्र तुटलेल्या कडीसाठी तीन वर्षांनी येणाऱ्या कराराची वाट बघावी लागू नये, एवढंच.

18 जुलै 2012 ला मानेसरच्या मोटार कारखान्यात हिंसाचार झाला, आग लागली, आणि आमच्याच पेशातला एक महाव्यवस्थापक तिच्यात गेला. आम्ही तो दिवस विसरू शकत नाही. त्याचं समर्थन तर कुणीच करू नये. त्यानंतर आमच्या पट्ट्यात कॅमेरे वाढले, गेटवर बाउन्सर दिसू लागले. ऐकण्याची सोय वाढलेली मात्र आम्हाला दिसली नाही. मालक आणि कामगार यांच्या मध्ये उभं राहण्याचा पगार आम्ही घेतो. मध्ये भिंत म्हणून उभं राहिलो, तर दोन्हीकडचे धक्के बसणारच.

मालकांकडे आम्ही दोनच गोष्टी मागतो. रोज सकाळच्या नऊच्या मीटिंगमध्ये फळ्यावर उत्पादनाचा आकडा असतो, रिजेक्शनचा असतो. त्यांच्याच खाली, त्याच खडूने, मुदत उलटलेल्या पोचांचा आकडा लिहा. आणि पाच हजार रुपयांपर्यंतचा खर्च कुणाला न विचारता करण्याचा अधिकार आमच्या कल्याण अधिकाऱ्याला द्या. पंखा, कडी, पाना, बूट. त्याहून महाग तक्रारी आमच्याकडे फार थोड्या येतात.

हिंजवडीतल्या आयटीवाल्या मित्रांनी विचारलं, आमचं काय? तुमच्याकडे कॉटऐवजी लॅपटॉप आहे आणि जत्रेऐवजी रात्री अकराचा कॉल. वही तीच चालेल.

आमची पहिली वही आम्ही आमच्यासाठीच उघडली, कारण आम्हीही नोकरच आहोत. चार कारखान्यांतल्या एचआरच्या माणसांनी एकमेकांकडे नोंदी केल्या. पहिल्या पानावर असं आहे:

नोंद क्रमांक 1. मागच्या दिवाळीत कामगारांना बोनसची तारीख मी सांगितली, ती पाळली गेली नाही, आणि का ते मला कुणी कळवलं नाही. कामगार आता माझ्याशी बोलत नाहीत. ही तारीख कुणी बदलली ते मला समजावं. पोच दिली. उत्तराची मुदत पंधरा दिवस. आज बारावा आहे.